खडकाने राखलेले दफ्तर

युद्धाच्या आठवणी राखणाऱ्या स्थळांचे दर्शन मला ज्या क्रमाने घडले तो क्रम, आज विचार करता, अगदी उफराटा होता. जे दूर होते ते मी आधी पाहिले, आणि जे माझ्याच तालुक्यात, ज्या तालुक्याच्या कचेरीत जमाबंदीचे आकडे मांडण्यात आणि दाखल्यांच्या नकला करून देण्यात माझी ऐन उमेदीची वर्षे गेली त्याच तालुक्याच्या उत्तरेकडच्या डोंगरात होते, तेथे माझे पाऊल पेन्शन सुरू झाल्यावर पडले. अहिल्यानगरचे रणगाड्यांचे संग्रहालय मी पाहिले होते, खडकीची सैनिकांची दफनभूमी पाहिली होती, यात्रेच्या निमित्ताने अमृतसरला गेलो असता जालियनवाला बागेच्या भिंतीपुढे उभा राहिलो होतो. परंतु रावलापाणी हे नाव मला ठाऊक होते ते गावांच्या यादीतले एक नाव म्हणून, ज्याच्यापुढे लोकसंख्येचा आणि आकारणीचा आकडा लिहायचा असतो इतक्याच नात्याने.

तळोदा हा तापी आणि सातपुडा यांच्या दरम्यानच्या काळ्या, कसदार पट्टीत वसलेला कसबा. दक्षिणेला तापीवरचा हातोड्याचा पूल ओलांडला की नंदुरबारची वाट, पश्चिमेला अक्कलकुव्यावरून गुजरातची, पूर्वेला शहाद्याची, आणि उत्तरेला, जिकडे रस्त्यांच्या हळूहळू पायवाटा होतात तिकडे, सातपुड्याची निळसर भिंत. अक्षय्य तृतीयेला कालिकामातेची यात्रा आणि बैलांचा बाजार भरला की गाव फुलते. एरवी ऊस, केळी आणि मिरची यांच्या भावाची चर्चा करीत ते स्वस्थ असते. अशा गावाचा युद्धाशी काय संबंध, असे परगावच्या माणसाला वाटावे. पण गावात बारगळांची गढी आहे, आणि त्या गढीचा इतिहास ज्याला माहीत आहे तो असा प्रश्न विचारणार नाही. कदमबांडे सरदारांच्या पदरी असलेले भोजराज बारगळ यांच्याकडे, पित्याचे छत्र हरपल्यावर जेजुरीजवळच्या होळ गावाहून आईचे बोट धरून आलेला एक पोर मामाची मेंढरे राखीत वाढला, झाडाखाली निजलेल्या त्या पोराच्या तोंडावर नागाने फणा धरल्याची कथा त्याच्याभोवती गुंफली गेली, मामाच्या घोडेस्वारांत तो बारगीर झाला, मामाचीच मुलगी गौतमाबाई त्याला दिली गेली, आणि पुढे मल्हारराव होळकर या नावाने त्याने माळव्यात जे केले ते सर्वश्रुत आहे. ज्या अहिल्याबाईंच्या नावाने अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले त्यांच्या सासूबाई अशा रीतीने आमच्या तळोद्याच्या माहेरवाशीण ठरतात. आणि सुभेदार मल्हाररावांनी आपल्या या विधवा सुनेला लिहिलेल्या पत्रांतून तोफखान्याची व्यवस्था लावण्याच्या आज्ञा आहेत हे ध्यानी घेतले म्हणजे, रणगाड्यांचे संग्रहालय ज्या शहरात आहे त्या शहराला हे नाव मिळाले यात मला तरी काही विसंगत वाटत नाही.

दुसरा संबंध याहून जुना, आणि इतिहासाच्या कक्षेबाहेरचा. सातपुड्यात अस्तंबा नावाचे शिखर आहे, उंची १,३२५ मीटर, आणि धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो लोक तळोद्याहून त्याची वाट धरतात. तेथे अश्वत्थामा राहतो. महाभारताचे युद्ध संपले, सारे महारथी मेले किंवा हिमालयात गेले. पण ज्याच्या मस्तकीचा मणी काढून घेतला तो द्रोणपुत्र भळभळती जखम घेऊन अजून या दऱ्यांत हिंडतो आहे, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, आणि जखमेवर घालायला तेल मागतो, अशी या मुलखाची श्रद्धा आहे. माझी आजी त्या दिवसांत दारी तेल मागायला आलेल्या कोणत्याही माणसाला विन्मुख पाठवीत नसे. कोण आले असेल याचा नेम नाही, असे ती म्हणे. युद्धाची आठवण जतन करण्याचा याहून निराळा, आणि मला वाटते याहून अधिक प्रामाणिक, प्रकार मी अन्यत्र पाहिला नाही: विजेत्याचा पुतळा नाही, शस्त्र नाही, तिथी-वाराचा फलक नाही, एक न भरणारी जखम आहे आणि तिच्यासाठी वाटीभर तेल आहे.

आता नगरच्या संग्रहालयाविषयी. भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र नगरला आहे, आणि त्या दलाने १९९४ च्या फेब्रुवारीत, जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते, हे संग्रहालय लोकांसाठी उघडले. सुमारे पन्नास वाहने तेथे झाडांच्या सावलीत आणि उघड्यावर ओळीने उभी आहेत. रोल्स-रॉईसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी कवच चढवून केलेली चिलखती गाडी पाहताना तर मनात असे येते की राजेरजवाड्यांच्या दारात शोभणाऱ्या या मोटारीला कोणी तरी बळेच पोलिसाचा डगला घातला आहे. पुढे मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल असे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश रणगाडे. मलाया आणि ब्रह्मदेशाच्या मोहिमांत वापरल्या गेलेल्या जातीचे, आपल्या बैलगाडीहून फारसे उंच न वाटणारे जपानी हलके रणगाडे. आवडी येथल्या कारखान्यात बनलेला विजयंता. आणि १९६५ च्या युद्धात हाती आलेला अमेरिकी बनावटीचा पॅटन. या पॅटनपुढे प्रत्येक जण अंमळ जास्त थांबतो. खेमकरणजवळच्या असल उत्तरला कालव्याचे पाणी उसाच्या शेतांत सोडले गेले, त्या चिखलात ही अवजड धुडे रुतली, आणि जीपवर बसवलेल्या तोफेने चौथ्या ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीदने त्यांपैकी एकामागून एक टिपले व १० सप्टेंबर रोजी तो स्वतः पडला, ही कथा आमच्या पिढीने क्रमिक पुस्तकात वाचण्यापूर्वी रेडिओवर ऐकली होती. उसाच्या शेतात पाणी कधी सोडावे आणि कधी तोडावे हे ज्याला कळते अशा खानदेशी शेतकऱ्याला तर ती युक्ती फार लवकर समजते. माझ्याबरोबर आलेल्या एका आप्तांनी पॅटनच्या पट्ट्यांकडे पाहून, इतक्या वजनाला ओल्या काळ्या रानात कोण आणतो, असा एकच शेरा मारला.

प्रत्येक वाहनापुढे फलक आहे, आणि फलकावर वजन, कवचाची जाडी, इंजिनाची शक्ती, तोफेच्या नळीचा व्यास. मी जन्माचा कारकून. ते फलक वाचताना मला आमच्या कचेरीतली जडसंग्रहाची नोंदवही आठवली, जिच्यात खुर्च्या, कपाटे आणि मोडके पंखे यांची क्रमांकवार नोंद असते आणि त्या खुर्चीवर बसून कोण म्हातारा झाला याला रकाना नसतो. हे मी उणे दाखविण्यासाठी म्हणत नाही. लोखंडाची निगा राखणे ही सैनिकाची विद्या आहे, आणि ती तेथे उत्तम रीतीने पाळलेली आहे. चैत्राच्या उन्हात तापलेल्या पत्र्याला मी तळहात लावला, चटका बसला, आणि या बंद पेटीत चार-पाच माणसे महिनोन्‌महिने कशी बसत असतील याची जी कल्पना फलकाने दिली नव्हती ती तळहाताने दिली.

खडकीचा प्रकार याच्या नेमका उलट. तेथे लोखंड नाही, फक्त नावे आहेत. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात जेथे थडग्यांची कायमची देखभाल होण्याची शाश्वती नव्हती तेथून आणलेल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी हिरवळीवर रांगेने आहेत, आणि या कबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाचा दंडक असा की हुद्दा, वंश वा धर्म पाहून दगडाचा आकार लहानमोठा करावयाचा नाही. ओळीने चालत गेलो की एकोणीस, बावीस, विसावे सरलेले अशी वये वाचीत जावे लागते. माळी गवत कापीत होता. त्याच्या यंत्राचा आवाज बंद पडला की पलीकडच्या रस्त्यावरची रहदारी ऐकू येई. शांततेचे उद्यान म्हणून जगात जे काही बांधले जाते त्यातले हे मला सर्वांत कमी बोलके आणि म्हणूनच सर्वांत सुसह्य वाटले. आपल्याकडच्या वीरगळांचे याच्या उलट असते: खाली झुंज, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा, माथ्यावर चंद्रसूर्य, असा सारा वृत्तान्त दगडात कोरलेला, आणि नाव मात्र बहुतेक ठिकाणी नाही. एकाने नाव राखले, दुसऱ्याने करणी राखली. दोन्ही राखणारे दगड फार थोडे.

इतके सारे पाहून झाल्यावर मी रावलापाणीला गेलो, आणि तेथे जाण्यापूर्वी मोरवडच्या गुला महाराजांविषयी सांगितल्याखेरीज पुढे जाता येणार नाही; कारण रावलापाणीला जे घडले ती लढाई नव्हती, आणि तेथे जमलेली माणसे राज्य घ्यायला निघालेली नव्हती.

सातपुड्याच्या भिल्लाचा सरकारशी आलेला संबंध दोन रस्त्यांनी आला; एक बंदुकीच्या आणि एक दारूच्या. बंदुकीचा रस्ता प्रसिद्ध आहे. १८२५ साली कंपनीच्या फौजेतल्या औट्रॅमने भिल्लांचीच फौज उभारली, खानदेश भिल्ल पलटण तिचे नाव, आणि डोंगरातल्या माणसाकरवी डोंगराचा बंदोबस्त करण्याची सोय झाली. तरीही १८५८ च्या एप्रिलात अंबापाणीला खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या लोकांशी कंपनीच्या फौजेला सरळ लढाई द्यावी लागली. दारूचा रस्ता कमी प्रसिद्ध आणि अधिक खोल गेलेला. मोहाचे झाड भिल्लाचे, फूल त्याने वेचलेले, मडके त्याचे, परंतु १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर घरी गाळलेला घोट हा गुन्हा झाला आणि मक्तेदाराच्या दुकानातला घोट ही सरकारी जमा झाली; दुकानाच्या उधारीवर सावकाराची वही उघडली, वहीमागोमाग जमीन गेली, जमिनीमागोमाग माणूस सालदार झाला. ही साखळी तोडायला कायदा उपयोगी पडला नाही. १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरातेत ‘देवी’ अंगात येऊन दारू सोडा, रोज स्नान करा असे सांगत गावोगाव फिरली, आणि त्या लाटेचे पाणी खानदेशाच्या सीमेपर्यंत आले होते. त्यानंतर दीड दशकाने आमच्या तळोदे तालुक्यातल्या मोरवडास गुला महाराजांनी आरती सुरू केली.

आरती सोमवारी होई. त्यात मंत्रतंत्राचे अवडंबर नव्हते, चमत्काराचा बाजार नव्हता. दारू सोडावी, अंग आणि अंगण स्वच्छ ठेवावे, आपसात भांडू नये, आणि एकमेकांस ‘आप’ म्हणावे, इतकेच. पण या चार गोष्टींसाठी डोंगरातून माणसांचे लोंढे उतरू लागले, आणि सोमवारच्या दिवशी मोरवडाकडे येणाऱ्या वाटा गर्दीने भरून जात. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी कोणत्याही सुधारकाने सांगितल्या असत्या, आणि त्याच सुमारास मुंबई इलाख्यात अधिकारावर आलेले खेर मंत्रिमंडळही दारूबंदीचेच धोरण सांगत होते. चौथी गोष्ट मात्र कोणत्याही मंत्रिमंडळाच्या कार्यक्रमात नव्हती. तिचे मोल ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने आमच्या कचेरीच्या ओसरीवर तासभर बसावे असे मी म्हणेन, निदान माझ्या नोकरीच्या काळात तरी म्हटले असते. शेटजी आले की ‘या’, पाटील आले की ‘बसा’, आणि डोंगरातला सत्तर वर्षांचा म्हातारा, डोक्याचे फडके काढून हातात धरून उभा राहिला की ‘ए, काय रे तुझं?’ हे मी दुसऱ्या कोणाचे सांगत नाही. ते ‘ए’ माझ्या तोंडचे आहे, आणि ते उच्चारताना मला त्यात काही वावगे वाटत नसे, जसे चष्मा पुसताना काही वाटत नाही. अशा माणसाला कोणी तरी सांगितले की आजपासून तू तुझ्या बायकोला आप म्हणायचे, लेकराला आप म्हणायचे, शेजाऱ्याला आप म्हणायचे, आणि त्याने तुला. ज्याला जन्मात बाहेरच्या कोणी आदराने हाक मारली नाही त्याने ती हाक घरात निर्माण करावयाची. मागावयाची नाही, अर्ज करावयाचा नाही. मला वाटते, दुकानदार आणि सावकार यांना दारूच्या खपाची जितकी धास्ती वाटली तितकीच, त्यांना स्वतःला उमगली नसली तरी, या एका सर्वनामाची वाटली असावी.

१९३८ साली गुला महाराज वारले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी आरती चालू ठेवली. गर्दी ओसरली नाही, आणि गर्दीबरोबर तक्रारीही वाढल्या. जमाव, शांततेचा भंग, दंगा या शब्दांनी सरकारी कागद भरू लागले, आणि रामदास महाराजांवर पश्चिम खानदेश जिल्ह्यातून हद्दपारीचा हुकूम बजावण्यात आला. मग १९४२ चे साल उजाडले. ९ सप्टेंबरला तापीपलीकडे, नंदुरबारच्या भर बाजारात, तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण पडले. शिरीषकुमारचे वय पंधरा. त्यानंतर सहा महिनेही लोटले नव्हते, तोच २ मार्च १९४३ रोजी, रामदास महाराजांसमवेत रावलापाणीच्या नाल्यात असलेल्या आपपंथीयांवर सरकारी बंदुका चालल्या. माणसे मेली, माणसे जायबंदी झाली, आणि नाल्याच्या कातळावर गोळ्यांचे ठसे राहिले, ते अद्याप आहेत.

त्याच मार्च महिन्यात, सांगण्यासारखी गोष्ट अशी की, नगरला आज उभे असलेल्या व्हॅलेंटाइन आणि चर्चिल जातीचे रणगाडे आफ्रिकेत ट्युनिसच्या मुलखात हिटलरच्या सैन्याशी झुंजत होते, आणि चौथी हिंदी डिव्हिजन त्या आघाडीवर होती. जगाच्या स्वातंत्र्यासाठी चाललेल्या त्या महायुद्धाच्या नकाशात रावलापाणीचा नाला सुईच्या टोकाएवढाही दिसला नसता. आणि तरी त्याच एका साम्राज्याच्या नावे दोन्हीकडच्या काडतुसांची रक्कम खर्ची पडली होती.

मी गेलो तो फाल्गुनात, म्हणजे जवळजवळ त्याच दिवसांत. पळस पेटलेला, सागाची पाने वाळून खाली आलेली, त्यांच्यावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होई. बरोबर पाड्यावरचे एक आजोबा होते, स्वतः आपपंथीय, पांढरे स्वच्छ धोतर, हातात काठी. आणि त्यांचा आठ-नऊ वर्षांचा नातू, जो आमच्या चालीला कंटाळून शंभर पावले पुढे जाई आणि परत येई. सातपुड्यातल्या कितीतरी गावांच्या नावात पाणी असते, कारण येथे गाव पाण्याच्या नावाने ओळखले जाते, माणसाच्या नावाने क्वचित. पण त्या दिवशी नाला बहुतेक कोरडा होता. मधेच एखाद्या डबक्यात आभाळ दिसे.

मागाहून माणसांनी स्मरणार्थ जे बांधले-रंगवले त्याविषयी मी लिहीत नाही. तसे बांधकाम कोणत्याही तालुक्यात शोभले असते. दर २ मार्चला लोक येथे जमतात, हार घालतात, भाषणे होतात, ते योग्यच आहे. मी पाहायला गेलो होतो तो कातळ. सातपुड्याचा हा दगड दख्खनच्या पठाराचाच काळा अग्निज पाषाण, घणाला सहसा न बधणारा. नाल्यात उतरताच मला उजव्या हाताला एक खोलगट वाटोळे भोक दिसले, मी वाकून त्यात बोट घातले, आणि चेहरा गंभीर केला.

आजोबा हसले. “साहेब, ते पाण्याचं,” ते म्हणाले. “पाणी गोटा घेऊन गरगर फिरतं, शंभर पावसाळे, तेव्हा असं होतं. हात फिरवून बघा, गुळगुळीत लागतंय ना? आता हे बघा.” आणि काठीच्या टोकाने त्यांनी चार हात पलीकडे दाखविले. तेथे भोक असे नव्हतेच. दगडाच्या उभ्या अंगावर एक उथळ खळगा, कवडी बसेल एवढा, कडा फुटलेल्या, आणि त्याच्याभोवती कपची उडाल्याची खूण. बोट फिरवले तर खरखर लागली. पाण्याने केलेली खूण आत शिरते आणि मऊ होते. गोळीने केलेली दगडाच्या वरच थांबते आणि बोचत राहते. एवढा फरक ऐंशी वर्षांत पाण्याने अद्याप पुसलेला नव्हता, जरी दर आषाढात ते त्याच कामाला लागलेले असते. दगडाला लागलेली गोळी माणसाला लागलेली नसते हे माझ्या मनात आले, आणि जिने खूण ठेवली नाही ती कोठे गेली, हेही लगेच मनात आले.

हिरोशिमाच्या शांती संग्रहालयात अशीच एक शिळा असल्याचे मी वाचले आहे. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सुमितोमो बँकेच्या पायऱ्यांवर, दार उघडण्याची वाट पाहत, कोणी एक बसले होते. स्फोटाच्या उष्णतेने सारी पायरी पांढुरकी पडली आणि जेथे ते माणूस बसले होते तेवढीच काळी राहिली. कितीएक वर्षे ती पायरी जागेवरच होती. पाऊस-उन्हाने छाया फिकट होऊ लागली तेव्हा, १९७१ मध्ये, तो दगड काढून संग्रहालयात नेण्यात आला. केंझो तांगे या वास्तुकाराने त्या उद्यानाची आखणी केली, कमान बांधली, कमानीतून स्फोटात उरलेल्या घुमटाचा सांगाडा दिसेल अशी रेषा साधली. हे सारे थोर आहे, पण जगभरचा माणूस घरी जाऊन सांगतो ते त्या पायरीविषयी. रावलापाणीचा कातळ कोणी काढून नेऊ शकणार नाही, आणि त्याच्यावर छप्परही नाही. त्याचे रक्षण कसे करावे याविषयी माझ्यापाशी दोन सूचना होत्या, त्या मी आजोबांना सांगितल्या. त्यांनी ऐकून घेतल्या.

अमृतसरच्या बागेतल्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणांभोवती चौकटी आखल्या आहेत, म्हणजे पाहणाऱ्याची माझ्यासारखी फसगत होत नाही. तेथे किती गोळ्या सुटल्या याचा आकडा जगाला पाठ आहे: १,६५०. हा आकडा चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या डायरने स्वतः दिला, आणि तो त्याला देता आला याचे कारण कोणत्याही कारकुनाला सहज कळेल. काडतूस हा सरकारी जिन्नस आहे, त्याची जमा, खर्च आणि शिल्लक मिळवून दाखवावी लागते. मेलेल्यांचा आकडा मात्र सरकारने ३७९ धरला, काँग्रेसच्या चौकशी समितीने हजाराच्या घरात, आणि तो हिशेब आजतागायत मिटला नाही, कारण माणसे कोणाच्या साठ्यातली नव्हती. रावलापाणीहून परतलेल्या बंदूकधाऱ्यांनीही ठाण्यावर जाऊन उरलेली काडतुसे मोजून दिलीच असतील. नोकरीत असताना जुन्या दफ्तराचे काही रुमाल सोडून पाहण्याचा प्रसंग मला एका कचेरीत आला होता. एका रुमालात वाळवीने कागदांचे असे जाळे विणले होते की गाठ सोडताच मजकूर भुकटी होऊन मांडीवर पडला, आणि वरचा कापडी रुमाल तेवढा शाबूत राहिला. तेव्हापासून कागदावर माझा पूर्वीइतका भरवसा नाही, आणि नाल्यातला तो खळगा पाहताना मला प्रथमच असे वाटले की एखादी नोंद योग्य माणसाच्या ताब्यात आहे.

नंदुरबारच्या हुतात्म्यांचे भाग्य निराळे. बाजारपेठेत, साक्षीदारांच्या देखत, झेंड्यासाठी ते पडले. त्यांच्या नावाचा चौक झाला, पुस्तकात धडा झाला, आमच्या शाळेतून दर ९ सप्टेंबरला फेरी निघे आणि शिरीषकुमारच्या नावाचा घोष करताना आमचे घसे बसत. ते सर्व उचितच होते, आणि त्यात एक शब्दही कमी असू नये. पण त्याच शाळेत माझ्या वर्गात डोंगराकडची दोन मुले होती, जी मागच्या बाकावर बसत. त्यांच्या घरी २ मार्चची काही आठवण होती का, हे त्यांना विचारावे असे ना गुरुजींना सुचले, ना आम्हाला. झेंडा हाती असलेल्या मृत्यूचे स्मारक लवकर होते. आरतीचे तबक हाती असलेल्या मृत्यूला कोणत्या सदरात घालावे हे ठरायला वेळ लागतो, आणि सदर ठरेपर्यंत फाइल पुढे सरकत नाही, हा माझ्या खात्याचा अनुभव येथेही खोटा ठरला नाही.

परतताना उन्हे कलली होती. आजोबा एका दगडावर टेकले, आणि पुढे गेलेल्या नातवाला त्यांनी हाक मारली, “आप जरा इकडे या. साहेबांना तहान लागली असेल, आप घरून तांब्या घेऊन या.” पोरगा धावत गेला. मी चमकून आजोबांकडे पाहिले. परंतु त्यांनी काही विशेष केल्याचे त्यांच्या मुद्रेवर दिसत नव्हते, ते काठीने पानांवरची मुंगळ्यांची रांग चुकवीत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आले की सकाळपासून मी आजोबांना ‘तुम्ही’ म्हणत होतो, प्रयत्नपूर्वक म्हणत होतो, आणि त्या मुलाला ‘अरे’, ‘ए’, ‘इकडे ये रे’.

मुलगा तांब्या घेऊन आला. पाणी गार होते, त्याला मडक्याचा वास होता. मी प्यालो, तांब्या परत दिला, आणि जिभेला थोडा जडपणा वाटत असताही विचारले, “आप कितव्या इयत्तेत आहात?”

तो आजोबांकडे पाहून हसला, मग माझ्याकडे पाहून हसला, आणि “तिसरीत” असे ओरडत उतारावरून पळत सुटला, तांब्यातले उरलेले पाणी सांडीत.